सर्जेराव मरेपर्यंत

आमच्या मास्तरांना "काय, बरं हाय का?" असं कुणी विचारू नये. विचारलं की ते जागेवर थांबतात, डोळे मिटतात आणि एका दमात सांगतात, "जीव सत्तर, दम चाळीस, भूक बरी, चहा शून्य." ज्याला माहीत आहे तो चहा सांगतो. ज्याला माहीत नाही तो घाबरतो. एकदा नव्या दूधवाल्यानं त्यांना मोटारसायकलवर घालून थेट दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "काय होतंय?" मास्तर म्हणाले, "जीव पासष्ट. पाच ह्याच्या गाडीवर गेला."

मास्तर म्हणजे भोसले मास्तर. कसबा बावड्यात माझं पंप-मोटारींचं दुकान आहे आणि त्याच्या बरोबर डोक्यावर मास्तरांचा टायपिंगचा क्लास. क्लास म्हणजे आता नुसती खोली. सोळा टाइपरायटर, सोळा कापडी टोप्या, विद्यार्थी एकही नाही. मागच्या बाजूला स्वयंपाकघर, तिथंच त्यांची कॉट. काकू तीन वर्षांपूर्वी गेल्या. मुलगी लग्न होऊन बेळगावला.

खालचा गाळा मी मास्तरांच्या चुलतभावाकडून घेतला, अकरा दिवस घासाघीस करून. बाराव्या दिवशी तो बिचारा स्वतःच म्हणाला, "घे बाबा, पण आता घरी येऊ नकोस." वरची खोली मात्र मला अजून मिळालेली नाही. माझा माल फुटपाथवर पडतो. गेल्या हंगामात उसाच्या ट्रॉलीनं दोन नव्या मोटारी चेपल्या. आणि वर सोळा टाइपरायटर टोप्या घालून आरामात!

शिवाय माझं एक जुनं दुखणं आहे. दहावीनंतर मी ह्याच क्लासला होतो. मिनिटाला तीस शब्दांच्या परीक्षेला मास्तरांनी मला बसूच दिलं नाही. "तानाजी, तू खाली बघून बडवतोस," म्हणाले. बसू दिलं असतं तर आज मी एखाद्या कचेरीत पंख्याखाली बसून लोकांना उद्या या म्हणालो असतो. हे मी बोलून दाखवलं की मास्तर म्हणतात, "मी तुला कारकून होऊ दिलं न्हाय म्हणून तू मालक झालास. पेढं द्यायचं सोडून भांडतोस व्हय रं?" अन्यायही करायचा आणि वर पेढेही मागायचे. डोकं फिरणार नाही तर काय होणार?

तर असे हे मास्तर दिवसभर करतात काय? खेळ खेळतात. कॉम्प्युटरवरचा खेळ, पण त्यात चित्र नाही, आवाज नाही. काळा पडदा आणि त्यावर इंग्रजी अक्षरं. "समोर गुहा आहे. आत कुणीतरी घोरत आहे," असं येतं. आपण टाइप करायचं, आत जा. मग येतं, "राक्षस जागा झाला." आपण टाइप करायचं, मार. एकाच वेळी जगभरातली माणसं त्या अक्षरांत हिंडत असतात. कुणी जादूगार होतो, कुणी बुटका. त्यांच्यात आमच्या मास्तरांचा गडी, नाव सर्जेराव. तिकडचे लोक दोन बोटांनी तलवार शोधत असतात, तोवर सर्जेराव तीन वार करून मोकळा. आयुष्यभराचं टायपिंग असं राक्षसांच्या उरावर चाललंय.

ह्या खेळात काही घडलं की खाली एक ओळ उमटते. जीव किती उरला, दम किती, भूक किती. तिला प्रॉम्प्ट म्हणतात. ती ओळ ज्याची त्यानं हवी तशी रचायची. पण ती दुसऱ्या कुणालाच दिसत नाही. आता आमच्या कोल्हापुरात माणूस बारशाचा फ्लेक्स चौकात लावतो आणि नंबरप्लेटवर नंबर सोडून सगळं लिहितो. त्या गावात हा माणूस नऊ वर्षं एक ओळ घासूनपुसून साफ करत बसलाय, जी फक्त त्याला दिसते.

मी एकदा विचारलं, "मास्तर, कुणी बघतच न्हाय तर एवढं नटवायचं कशाला?"

"तू आंगूळ करतोस ती दुकानाच्या दारात उभा राहून करतोस का?"

सुरुवातीला ती ओळ चांगली दोन ओळींची होती. जीव, दम, भूक, तहान, दिशा, हवामान, खिशातल्या मोहरा. ती वाचून होईपर्यंत सर्जेरावाला दोन तडाखे बसलेले असायचे. मग मास्तरांनी ती मराठीत आणायचं काढलं. खेळाला मराठी जमेना. वेलांटी एकीकडे, अक्षर दुसरीकडे. मास्तरांनी खेळ चालवणाऱ्या परदेशी माणसाला पत्रांवर पत्रं लिहिली. सहा महिन्यांनी तो शरण आला आणि पडद्यावर शुद्ध मराठीत 'जीव' उमटला. त्या दिवशी मास्तरांनी गल्लीत साखर वाटली. लोकांना वाटलं, मुलगी बाळंत झाली.

मग रंग. जीव शंभराच्या खाली गेला की ओळ हळदीच्या रंगाची व्हावी, असं मास्तरांच्या मनात आलं. मी खाली मोटार खोलून बसलेलो, वरून हाक. "तानाजी! जरा वर ये. हे पिवळं हळदीचं वाटतं का लिंबाचं?" हातातलं काम टाकून गेलो, बघितलं आणि म्हणालो, "केळ्याचं." दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

पैज लागली ती भडंग खाताना. मी नेहमीप्रमाणे खोलीचा विषय काढला होता. मास्तर सर्जेरावाला एका पुलावरून नेत होते. मान न वळवता म्हणाले, "सर्जेराव जित्ता हाय तोवर खोली द्यायची न्हाय. तो मेला की तुझी."

"कुठल्या भावात?"

"तू म्हणशील त्या."

तीस वर्षं बाजारात आहे, असं वाक्य कुणी माझ्यासमोर बोललेलं नाही. मी भडंगाचा हात पँटला पुसला आणि पुढं केला. "टाळी द्या."

मास्तरांनी टाळी दिली. तेव्हा मला कळलं की ह्या खेळात मेला तो मेला. नऊ वर्षांचा सर्जेराव एकदा गेला की परत येणं नाही. म्हणजे माझ्या खोलीला आता एकच माणूस आडवा होता, आणि तोही अक्षरांचा.

त्या दिवसापासून दुपारी चार वाजले की मी वर. मास्तरांच्या खांद्यावरून ती ओळ वाचायची आणि राक्षसाला जोर द्यायचा. "हाण! डाव्या अंगानं हाण त्याला!"

"कुणाच्या बाजूचा रं तू?" मास्तर ओरडायचे.

"राक्षसाच्या. घरचा माणूस वाटतो."

एकदा जीव नऊवर आला. नऊ! मी खिशातून टेप काढून भिंत मोजायला घेतली. पण खेळात पळून जायचा एक शब्द आहे, इंग्रजीतली चार अक्षरं. मास्तरांनी ती इतक्या झटक्यात दाबली की टेपचं दुसरं टोक माझ्या हातातच राहिलं.

दुसऱ्या दिवशी गेलो तर टेबल फिरवलेलं. पडद्याची पाठ माझ्याकडं, तोंड भिंतीकडं. मधे मास्तर.

"मास्तर, ही रिक्षावाल्यावानी मीटर झाकायची गोष्ट झाली. सौद्यात फसवणूक हाय ही!"

"जीव दाखवायचं कुठं ठरलं हुतं?"

"मग तो मेला तर मला कळणार कसं?"

"मी सांगीन की. आजवर खोटं बोललोय तुझ्याशी?"

अडचण तीच होती. हा माणूस खोटं बोलत नाही. परीक्षेला बसू दिलं नाही तेव्हाही खरंच बोलला होता.

"आणि आईक," मास्तर म्हणाले, "जीवाचा आकडा काढून टाकला मी ओळीतनं. आता मलाच दिसत न्हाय किती उरलाय त्यो."

"आँ? मग लढता कसं?"

"अंदाजानं."

"मग ओळीत ठेवलंय काय?"

"हाय काय तरी." आणि ते चष्मा पुसायला लागले. चष्मा स्वच्छ होता.

मी खाली आलो आणि त्या रागात एका चांगल्या गिऱ्हाइकाला हाकलून दिलं. धंद्यात मी लबाड बघितलेत, येडे बघितलेत, पण आपलं मीटर आपल्याच हातानं काढून फेकणारा माणूस बघितला नव्हता. मग जरा शांत झाल्यावर डोक्यात प्रकाश पडला. आकडा दिसत नाही म्हणजे सर्जेराव महिनाभरात मेलाच. तेवढ्यात मी सुताराला फळ्यांचा भावही विचारून आलो.

महिना झाला. दुसराही झाला. सर्जेराव मरेना. मी रोज चारला जाऊन समोर बसायचो. पडदा दिसायचा नाही, मास्तरांचं तोंड दिसायचं. बोटं चालायची, मधेच थांबायची, ते पडद्यावर काहीतरी वाचायचे, किंचित हसायचे आणि पुन्हा बोटं चालायची. राक्षसाशी लढणारा माणूस असा हसत नाही. हसतो तो गप्पा मारणारा.

आणि परवा ते झालं. मास्तर लढाईच्या ऐन भरात होते. घामानं मान भिजलेली. तेवढ्यात मागून दूध करपल्याचा वास आला.

"तानाजी, बस हितं!" मास्तर ताडकन उठले. "काय बी दाबू नकोस!"

आत भांडं पडल्याचा आवाज आला, मग "आई गं", मग नळ सुटल्याचा आवाज. मी खुर्चीत बसलो. नशीब असं चालत येतं. सर्जेराव उघड्यावर उभा, समोर राक्षस, आणि मला हुकूम की काही दाबायचं नाही. मास्तरांचा शब्द पाळायचा आणि खोली घ्यायची. एवढा स्वच्छ सौदा मी आयुष्यात केला नव्हता.

पडद्यावर इंग्रजी अक्षरं वर सरकत होती. इतक्या दिवसांत मला ती कळायला लागली होती. राक्षसानं सर्जेरावाच्या खांद्यावर घाव घातला. त्याच्या खाली मास्तरांची ओळ. मी आधी आकडा शोधला. आकडा नव्हताच. मराठीत दोनच शब्द होते.

"हं. मग?"

राक्षसानं पुन्हा घाव घातला. सर्जेराव लटपटला. खाली, "हं. मग?"

आमच्याकडं गोष्ट सांगायची तर ऐकणाऱ्यानं हुंकार द्यावा लागतो. न दिला तर सांगणारा थांबतो. पुढं जायचं कुणासाठी? आणि हा हुंकार कुणाचा ते मला विचारावं लागलं नाही. मी क्लासला होतो तेव्हा पाचची बॅच सुटली की मास्तर स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर जाऊन उभे राहायचे आणि दिवसभराचं सगळं सांगायचे. कुणी कुठली कळ चुकवली, कुणाची रिबन तुटली, तानाजी कसा खाली बघतो. काकू तांदूळ निवडत असायच्या. मान वर करायच्या नाहीत. नुसतं म्हणायच्या, "हं. मग?" मास्तर पुढं सांगायचे. तासभर चालायचं ते. आम्ही जिन्यात उभे राहून हसायचो.

सर्जेराव गुडघ्यावर आला. "हं. मग?"

वरच्या बारा बाय अठराच्या खोलीत माझ्या किती मोटारी बसतात ते मला तोंडपाठ आहे. मी ते मनात म्हणूनही बघितलं. मग खाली बघून, एकेक अक्षर शोधत, मी ती चार अक्षरं बडवली.

सर्जेराव उत्तरेकडं पळाला. आणि पडद्यानं मलाही तेच विचारलं.

मास्तर आले. एका हातात काळं पातेलं, दुसऱ्या हाताचं बोट तोंडात.

"मेला?"

"न्हाय."

"मग काय झालं?"

"पळाला."

"सर्जेराव आपणहून पळत न्हाय कधी."

"आज पळाला की! मी काय करू?"

मास्तरांनी वाकून पडदा बघितला. मग माझ्याकडं बघितलं.

"तू ओळ वाचलीस."

"मला इंग्रजी येत न्हाय," मी म्हणालो.

मास्तरांनी पातेलं एका टाइपरायटरच्या टोपीवर ठेवलं आणि पुढ्यातल्या विद्यार्थ्याच्या स्टुलावर बसले. भाजलेल्या बोटाकडं बघायला लागले. मग म्हणाले, "त्या गुहेत पयल्यांदा गेलतो न्हवं, तवा संगं एक बुटका हुता. लांबच्या कुठल्या देशातला. निम्म्यात गेलो आणि त्याचा दिवा इझला…"

आणि थांबले.

मी तोंड घट्ट मिटून बसलो. खोली हातची घालवली, ज्याच्या मरणावर टपलो होतो त्याला आपल्या हातानं वाचवला, आणि आता वर हुंकारही मीच द्यायचा? मास्तर वाट बघत होते. बोटाकडंच बघत होते, पण वाट बघत होते.

"हं," मी म्हणालो.

तेवढ्यात खालून हाक आली. "ओ मालक! हाय का न्हाय कोण दुकानात? मोटार न्यायची हाय!"

मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "थांबा की जरा पावणं! कामात हाय!"

मागं वळलो तर मास्तर अजून तिथंच होते, दिवा विझलेल्या त्या गुहेत, बुटक्याच्या शेजारी.

"मग?" मी विचारलं.