दाजी मेस्त्रींचा कोड

आमच्या प्राचार्यांना त्यांच्याच केबिनमधून बाहेर काढण्याची छाती कॉलेजात एकाच माणसाची आहे. ते म्हणजे आमचे टेलिफोन ऑपरेटर, दाजी मेस्त्री. मी नोकरीवर रुजू झालो त्या दिवशी माझ्या डोळ्यांदेखत हे घडलं. प्राचार्य माझ्याशी बोलत होते, तेवढ्यात दाजी आत आले. म्हणाले, "सर, जरा भायर थांबा. हेंका कोड देवचो आसा." आणि प्राचार्य मुकाट्याने उठून व्हरांड्यात उभे राहिले! दाजींनी दार लावलं, खिडकी लावली, माझ्या कानात चार आकडे पुटपुटले आणि ते माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतले.

त्याचं असं आहे. कसालहून आत गेलं की दोन डोंगरांच्या बेचक्यात आमचं कॉलेज लागतं. तिथे मोबाईलला रेंज नाही. इंटरनेट आहे, पण चार ढग दिसले की ते रजेवर जातं. राहता राहिला कॉलेजचा जुना फोन. खोलीखोलीतल्या फोनच्या तारा दाजींच्या खोलीत जातात. कॉलेजातल्या कॉलेजात कुणीही कुणाशी बोलावं, पण जिल्ह्याबाहेर फोन लावायचा तर आधी स्वतःचा कोड दाबावा लागतो. कुणाच्या कोडवरून कुठे फोन गेला, ते दाजींच्या मशीनमधून छापून येतं.

"कोड म्हणजे सही," दाजी म्हणतात. "दुसऱ्याक दिलात तर ती खोटी सही. आणि कागदावर लिवलात तर कोड मेलो."

मेलो म्हणजे खरंच मेलो. रसायनशास्त्राच्या बाईंनी तळहातावर लिहिलेला कोड दाजींच्या नजरेला पडला, तर बाई वर्गावर पोचायच्या आत तो बंद झाला होता. मीही एकदा माझा कोड विसरलो. साऱ्या स्टाफचे कोड ह्या माणसाला तोंडपाठ, म्हणून सरळ त्यांनाच विचारायला गेलो.

"तुमचो कोड माका कसो म्हायत असतलो?" दाजी म्हणाले. चेहरा इतका निरागस की मला माझीच लाज वाटली. मग पुन्हा दार बंद, खिडकी बंद, नवा कोड, आणि तीनदा म्हणणं.

रिसीव्हर कानाला लागला की दाजी एकदम शुद्ध बोलतात. "नमस्कार, आपल्याला कोणाशी बोलायचे आहे? कृपया थांबा." मग रिसीव्हरवर हात ठेवून शिपायाला ओरडतात, "अरे, खंय मेलो तो ग्रंथपाल?"

हसतो आम्ही त्यांना. पण एका वादळात सगळे मोबाईल टॉवर आडवे पडले आणि जमिनीखालून आलेली आमची तार तेवढी जिवंत राहिली. आसपासच्या वाड्यांतली माणसं मुंबई-पुण्याला खुशाली कळवायला कॉलेजात आली. त्यांच्याकडे कोड कुठला? दाजींनी प्राचार्यांना बोलावलं, शेजारच्या स्टुलावर बसवलं आणि दर फोनला त्यांचा कोड त्यांच्याच बोटाने दाबायला लावला. दोन दिवस! त्या दोन दिवसांत मला ह्या कॉलेजात नोकरी करतो ह्याचा जेवढा अभिमान वाटला, तेवढा कधी वाटला नव्हता. आजही कुणी आमच्या जुन्या फोनची टिंगल केली की मी ही गोष्ट ऐकवल्याशिवाय सोडत नाही.

एकच कोडं सुटत नव्हतं. रोज सव्वा वाजला की दाजी छत्री घेऊन मागच्या डोंगरावरच्या सड्यावर जायचे. वर नुसता कातळ आणि दोनचार काजूची झाडं. काजूखाली ताणून देत असतील, असं आम्ही ठरवून टाकलं होतं. यंदा जुलैत विजा कडाडत असतानाही ते निघाले, तेव्हा मात्र मला राहवेना. मी मागोमाग गेलो.

वर गेलो तर वाऱ्याने छत्री उलटी झालेली, आणि दाजी एका कानात बोट घालून मोबाईलवर ओरडतायत, "गो बाय, औषध घेतलंस? हॅलो! घेतलंस काय?" फोन तुटला. दुसऱ्यांदा लावला, पुन्हा तुटला. भिजलेला मोबाईल ते सदऱ्याला पुसत राहिले.

मला बघून चपापले. मग सांगितलं. बायको जाऊन सहा वर्षं झाली. एकुलती एक मुलगी भोपाळला. पहिलं बाळंतपण, आठवा महिना, डॉक्टरांनी अंथरुणातून उठायलाही मनाई केलेली. माहेरी यायची सोय नाही, आणि दिवसातून एकदा बापाचा आवाज ऐकल्याशिवाय ती जेवत नाही. रेंज काय ती ह्या कातळावर.

"अहो, अख्खं एक्स्चेंज तुमच्या हाताखाली आहे!" मी जवळजवळ ओरडलोच.

"माका कोड खंय आसा?"

"कोड तर तुम्हीच देता!"

"म्हणानच," दाजी म्हणाले. "आपणच आपणाक कसो देवचो?"

इतकी वर्षं आम्ही ह्या माणसाला हसत होतो.

दुसऱ्या दिवशी मी प्राचार्यांना सगळं सांगितलं. त्यांनी त्याच मिनिटाला दाजींच्या कोडला लेखी मंजुरी दिली आणि कुणी सांगायच्या आत स्वतःच व्हरांड्यात जाऊन उभे राहिले. मी दाजींना बोलावून खुर्चीत बसवलं. दार लावलं, खिडकी लावली, त्यांच्या कानात चार आकडे सांगितले आणि तीनदा म्हणवून घेतले.

सव्वा वाजता त्यांनी कोड दाबला. खोली इतकी शांत होती की पलीकडचं बोलणं मलाही ऐकू येत होतं.

"नमस्कार," दाजींच्या तोंडून सवयीने निघून गेलं. "गो बाय, मी बोलतंय."

पलीकडून घाबरलेला आवाज आला, "बाबा, तुम्ही बरे आसात मां? आज वारो कसो ऐकाक येना नाय?"