धाकूअण्णांची जर्मनी

सकाळी रिह्याच्या खोऱ्यातून पौडाकडे निघालात, तर रस्त्याच्या कडेला साठीतला एक माणूस घमेल्यातून खड्ड्यात मुरूम ओतताना दिसेल. ओतून झालं की तो त्यावर उभा राहून दोन्ही पायांनी नाचल्यासारखं करतो. मग चार पावलं मागं सरकतो आणि मान वाकडी करून खड्ड्याकडं बघतो. नवख्यांना तो बांधकाम खात्याचा मजूर वाटतो. एकदा फार्महाऊसवर आलेल्या एका बाईंनी गाडीची काच खाली करून त्याला विचारलं, "आमच्या गेटसमोरचा कधी भरणार?"

तो शांतपणे म्हणाला, "तुमच्या गेटासमोरनं माजी गाडी जात न्हाई."

तासाभरानं त्याच बाईंना तोच माणूस समोरून येताना दिसला. पिवळी धमक, दोन दारांची, छप्पर उघडलेली, जमिनीला पोट लागेल इतकी बुटकी स्पोर्ट्स कार. आत पांढरी टोपी, आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून टोपीवरून हनुवटीखाली बांधलेलं उपरणं. वेग बैलगाडीचा. बाईंनी म्हणे आपली गाडी कडेला घेऊन वाट दिली.

हे आमचे धाकूअण्णा मरगळे.

मी मूळचा परभणीकडचा. उरवड्याच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो आणि अण्णांच्या घरामागच्या दोन खोल्यांत राहतो. अण्णांचं घर धनगराचं. दारात शेळ्या-मेंढ्या, ओढ्याकडं थोडी भातशेती. तरुणपणी त्यांनी दुधाचा टेम्पो चालवलेला. मुलींची लग्नं होऊन त्या आपापल्या घरी. आता घरात अण्णा, सोनाकाकू आणि जर्मनी.

जर्मनी म्हणजे ती गाडी. ओढ्यापलीकडं पुण्यातल्या एका साहेबांचा बंगला होता. साहेब मुलाकडं परदेशी कायमचे निघाले तेव्हा गाडी शेडमध्ये पडून होती आणि मागच्या बाजूच्या सांदीत एक कोंबडी अंडी घालत होती. अण्णा गेले आणि बैल बघावा तशी त्यांनी गाडी बघितली. पाठीवर थाप मारली, चाकं दाबली, आडवं होऊन पोटाखाली नजर टाकली.

"चालती का?"

"चालते," साहेब म्हणाले, "पण लाड फार करावे लागतात."

"करू की."

दुसऱ्या दिवशी गाडी अण्णांच्या दारात होती. गाडी जर्मन आहे, असं मी सांगितलं तेव्हा काकू ओट्यावर भांडी घासत होत्या. हातातलं ॲल्युमिनियमचं पातेलं उलटं करून त्यांनी त्यावर बोटानं टिचकी मारली. "जर्मनची व्हय? मंग जपून. चेपंल."

गाव त्या दिवसापासून गाडीला जर्मनी म्हणतं. काकू तेवढ्या 'बशी' म्हणतात, कारण ती चपटी आहे.

बशीत बसणं सोपं आहे, तीत माणूस आपोआप पडतो. उतरणं अवघड. अण्णा आधी एक पाय बाहेर काढतात, मग एक हात जमिनीला टेकवतात, मग काही वेळ तसेच ओणवे राहतात. लांबून बघणाऱ्याला वाटतं, म्हातारा गाडीच्या पाया पडतोय. मला तर ते पूर्ण खोटंही वाटत नाही.

माझा या संसारात प्रवेश झाला तो दुभाषी म्हणून. गाडीच्या पुढच्या पडद्यावर इंग्रजीत निरोप उमटायचे आणि अण्णा माझ्या खिडकीशी येऊन हाक मारायचे, "पाव्हनं, बगा जरा, आज काय म्हनतीया."

"मागच्या डाव्या चाकात हवा कमी आहे म्हणते."

"बरं. आन् काल लाल झाली हुती ती?"

"जवळच्या अधिकृत केंद्रात जा म्हणते."

"जवळचं म्हंजी कुटं? तिला काय म्हाईत आपन रिह्यात ऱ्हातुया?"

एक निरोप मात्र त्यांना मी न सांगता कळला. बराच वेळ गाडी चालवली की पडद्यावर वाफाळत्या कपाचं चित्र यायचं, चालकानं विश्रांती घ्यावी म्हणून. अण्णांनी त्याचा सरळ अर्थ घेतला. कप दिसला की ते पहिल्या टपरीवर थांबतात, चहा घेतात आणि परत येऊन गाडीला म्हणतात, "झाला बाई. चल आता."

अधिकृत केंद्राचीही वारी झाली. तिथं काचेच्या खोलीत आम्हाला बसवलं, सुटा भाग परदेशातून येईल असं सांगितलं आणि केव्हा येईल ते सांगितलं नाही. मग अण्णा पिरंगुटात मुन्नाकडं गेले. मुन्ना उत्तरेकडचा, क्रेन आणि टेम्पो दुरुस्त करणारा. त्यानं बॉनेट उघडलं आणि टाळकं खाजवलं. "चचा, ये गाड़ी कम, कंप्यूटर ज़्यादा है."

"मंग कंप्युटर बंद कर, गाडी चालू कर," अण्णा म्हणाले. मुन्नाला हे मराठी पूर्ण समजलं. त्यानं पाण्याचा पंप कुठल्या तरी भंगारवाल्याकडून मागवला. भाताची लावणी चालू असताना मागवलेला पंप कापणीला आला. तोवर अण्णा रोज गॅरेजमध्ये जाऊन गाडीशेजारी बसून यायचे. दवाखान्यात माणूस ठेवलं की जावं तसे. मुन्ना घाई करू लागला की म्हणायचे, "कलानं घे, कलानं." हा त्यांचा परवलीचा शब्द. व्यालेल्या शेळीला, अडलेल्या नट-बोल्टाला, रागावलेल्या काकूंना, सगळ्यांना तोच उपाय.

शेळ्यांना मात्र तो लागू पडला नाही. थंडीत बॉनेट ऊबदार असतं हे एका काळ्या शेळीच्या लक्षात आलं. ती चढायची, गाडी ठणाणा करायची, कुत्री भुंकायची, निम्मं गाव उठायचं. अण्णांनी शेवटी गाडीला घोंगडी पांघरली. मग शेळीला आणखीच बरं वाटू लागलं.

गावातल्या पोरांना गाडीसोबत फोटो हवे असायचे. अण्णांनी दर ठरवला: एका फोटोला एक घमेलं मुरूम, तोही खड्ड्यात टाकून, पायानं चोपून. लग्नसराईत नवरदेवसुद्धा बाशिंग बांधायच्या आधी घमेली उचलताना मी बघितलेत. बघता बघता आमच्याकडचा रस्ता असा झाला की दुसऱ्या गावचे लोक वाट वाकडी करून त्यावरून जाऊ लागले. सरपंचांनी लगेच 'आमच्या अथक प्रयत्नांतून' असा फ्लेक्स लावला. मला राग आला. अण्णा म्हणाले, "लावू द्या. फ्लेक्सला चाक लागत न्हाई."

गाव पाठीमागं बोलायचंच. म्हातारपणी शौक सुचला, म्हणायचं. चाळीस पावलांवरच्या दुकानात जायला गाडी काढत नाही आणि लांबही कुठं जात नाही, मग ठेवलीय कशाला? हा प्रश्न मलाही होता. अण्णा गाडी पौडापर्यंत नेत, परत आणत. पुढं कधी मुळशीच्या धरणापर्यंत. मग आणखी थोडं पुढं. पण दरवेळी एकटेच, आणि दरवेळी परत.

एकदा सूसकडून एक तरुण आला. चांगला नोकरीवाला, जुन्या गाड्यांचा नाद असलेला. गाडीभोवती फिरला, फोटो काढले आणि सांगाल ती किंमत देतो म्हणाला. अण्णांनी आकडा ऐकून घ्यायच्या आधीच हात जोडले.

"का हो काका? एवढा त्रास देते तुम्हाला."

"तिचं एक काम ऱ्हायलंय," अण्णा म्हणाले आणि घोंगडी ओढून गाडीवर टाकली.

पुढच्या वर्षी कापणी उरकली, थंडी पडली आणि एका संध्याकाळी घाटाखालून फोन आला. निजामपूरच्या अलीकडं एका धनगरवाड्यात काकूंचं माहेर. तिथं त्यांची थोरली बहीण, आक्का. आई लवकर गेल्यावर आक्कांनीच काकूंना वाढवलं. आक्का दरवर्षी एसटीनं येऊन चार दिवस राहून जायच्या, पण गेली काही वर्षं त्यांचं येणं थांबलं होतं. आता त्या बाजेवरून उठत नव्हत्या. त्यांची पोरं फोनवर सांगत होती, रोज तुझं नाव काढतेय म्हणून.

काकूंनी फोन ठेवला आणि चुलीपुढं जाऊन बसल्या. अण्णा माझ्याकडं आले.

"पाव्हनं, आइतवारी मोकळं हाय का? पान्याचं कॅन घिऊन गाडीमागं याचं. घाटाखाली जायाचंय."

"जीप करून देऊ का? लवकर पोचाल."

अण्णा खिडकीच्या कट्ट्यावर टेकले. "हिला गाडी लागती," ते म्हणाले. "लई. एष्टी म्हना, जीप म्हना, टेम्पोचा हौदा म्हना. पौड येईस्तवर आडवी हुती, मंग दोन दिस उठत न्हाई. पयल्यांदा आमी पायी जायाचो, डोंगरानं. माहेराला निघाली की माज्या म्होरं चालायची. आता गुडघं ऱ्हायलं न्हाईत. मोटारसायकलवर बसवत न्हाई. एकदा त्या सायबाच्या मंडळीनी हिला पिरंगुटाच्या बाजारातनं घरी सोडली. ह्याच गाडीतनं. वरनं उगडी, बूड खाली, वारं तोंडावर. उतरली ती हसत. म्या इचारलं, लागली का गं? न्हाई म्हनली."

त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"त्या दिसापास्नं डोळा हुता माजा गाडीवर."

"मग इतके दिवस नेलं का नाही?"

"आन् घाटात बंद पडली तर? तितनं दुसऱ्या गाडीत घालावं लागंल हिला. ते न्हाई करायचं. म्हनलं, आदी गाडी पक्की व्हऊ द्या."

काकूंना यातलं काही सांगितलेलं नव्हतं. न्यायचं कबूल करून नेता आलं नाही तर, या भीतीनं.

रविवारी उजाडताच निघालो. काकू नवं लुगडं नेसून, डोक्यावरचा पदर दातात धरून बशीत बसल्या. मी मागं मोटारसायकलवर, दोन्ही बाजूंना पाण्याचे कॅन. पौड मागं पडलं, धरणाचं पाणी उजव्या हाताला लागलं. मी काकूंचा पदर बघत होतो. तो सरळ होता, म्हणजे त्या आडव्या झाल्या नव्हत्या. त्या मान वळवून पाण्याकडं बघत होत्या, मधेच हात करून अण्णांना काही दाखवत होत्या. मधे एकदा कप उमटला असावा, कारण आम्ही टपरीवर थांबलो. काकूंनी आख्खा चहा प्यायला.

ताम्हिणीच्या अलीकडं चढाला गाडी एकदम कडेला थांबली. मी पोचलो तेव्हा पडदा लाल होता.

"काय म्हनतीया?" अण्णांचा आवाज बारीक झाला होता.

"इंजिन फार तापलंय म्हणते. थांबा म्हणते."

बॉनेटमधून वाफ येत होती. अण्णा स्टिअरिंगवर हात ठेवून नुसते बसून राहिले. इतक्या दिवसांत ते गाडीवर कधी चिडलेले बघितले नव्हते, तेव्हाही चिडले नाहीत. फक्त चेहरा पडला. मी हळूच म्हणालो, "अण्णा, इथून अजून परत जाता येईल. पुढं घाट उतरल्यावर काही झालं तर अवघड आहे."

अण्णा काकूंकडं न बघता म्हणाले, "काय करायचं गं?"

"हिला निवू द्या," काकू म्हणाल्या. "मला बरं वाटतंय. कलानं घ्या जरा."

अण्णांनी चमकून त्यांच्याकडं बघितलं आणि हसले. मग आम्ही तिघं करवंदीच्या सावलीला बसलो. काकूंनी भाकरी सोडली. भाकरी, लसणाची चटणी खाऊन होईपर्यंत इंजिन निवलं. अण्णांनी टाकीत पाणी ओतलं, किल्ली फिरवली आणि डोळे मिटले. गाडी चालू झाली. पडदा काळाच राहिला.

घाट आम्ही इतक्या हळू उतरलो की माकडांनाही आमचा कंटाळा आला.

धनगरवाड्याची शेवटची वाट दगडांची होती, तिथं गाडी जाणारच नव्हती. ती झाडाखाली लावली. काकू अण्णांच्या खांद्यावर हात ठेवून चालत निघाल्या. अंगणात बाजेवर आक्का पडल्या होत्या, अगदी लहान झालेल्या. काकू शेजारी बसल्या, तर त्यांनी आधी हातानं चेहरा चाचपला.

"सोने? चालत आलीस व्हय गं?"

"न्हाई आक्का. गाडीनं."

"आगं बया! लागली आसंल की. लिंबू आन रं कुनीतरी."

"न्हाई लागली."

"खरं?"

"तुज्या गळ्याची शप्पत. येताना भाकर खाल्ली म्या."

आक्का हसायला लागल्या. काकूही. मग दोघी हसता हसता रडायला लागल्या आणि मी अंगणाबाहेर आलो. अण्णा कुडाशी पाठ करून उभे होते आणि उगाचच एका करडाच्या मानेला खाजवत होते.

दुपारी निघायची वेळ झाली. काकू उठायला लागल्या, तर अण्णांनी हातानं थांबवलं. "तू ऱ्हा. आठ दिस ऱ्हा, धा दिस ऱ्हा. म्या येतो न्याया."

"आन् घरी? शेळ्या? तुमचं जेवान?"

"करीन की. म्या काय ल्हान हाय?"

परतीला घाट चढताना गाडीनं कुरकुर केली नाही. माथ्यावर मात्र अण्णांनी ती आपणहून कडेला घेतली. उतरण्याचा तो सगळा सोपस्कार करून ते कठड्यापाशी गेले. खाली कोकण पसरलं होतं, उन्हात धुरकटलेलं, एकात एक मिसळलेले डोंगर. अण्णांनी कपाळावर हात धरला.

"लगीन झाल्यापास्नं ती घरी न्हाई आन् म्या हाय, आसं झालंच न्हाई कदी," ते म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "पाव्हनं, तुमचं डोळं चांगलं हायेत. वाडा दिसतुय का बगा."

मला काही म्हणजे काही दिसत नव्हतं. मी धुराच्या एका रेघेकडं बोट केलं. "ते बघा. त्या दोन डोंगरांच्या मधे."

अण्णा बराच वेळ तिकडं बघत राहिले.

"व्हय," ते म्हणाले. "चुलीचा धूर हाय. ही सैपाकाला लागली आसंल, आन् आक्का बाजेवरनं सांगत आसंल."