सूर्यरावांचं ऊन

दादा दुपारी येणार होते ते सकाळीच आले, आणि गाडीतून एक पाय खाली टेकवता टेकवता त्यांनी निकाल सांगून टाकला.

"हे बघ, संध्याकाळपर्यंत मी इथे आहे. दिवा लागला, नळाला पाणी आलं, पंखा फिरला, तर कुरण राहू दे. नाहीतर गिऱ्हाईक तयार आहे. नंतर तोंड पाडून बसायचं नाही."

"आणि सूर्यराव," वहिनी दुसऱ्या दाराने उतरत म्हणाल्या, "त्या तुमच्या सूर्याला सांगून ठेवा, मोठे भाऊ आलेत म्हणावं. आज कामावर वेळेत ये."

सूर्यराव हे काही धाकट्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. ते वहिनींनी ठेवलेलं. विजेच्या तारा खालच्या रस्त्यापर्यंत येऊन दमल्या होत्या. त्यापुढे डोंगराच्या कुशीत वडिलांचं कुरण पसरलेलं, वाऱ्याने अंगावर हात फिरवला की लहरत जाणारं. धाकटा तिथे गुरं राखायचा. पाहुण्यांसाठी त्याने दोन लाकडी खोल्या उभ्या केल्या आणि गोठ्यामागच्या उतारावर सोलरची पॅनेलं मांडली. जागा निवडायला तो कितीतरी दिवस त्या उतारावर उन्हाच्या मागे मागे फिरला होता. "इथल्यासारखं ऊन पृथ्वीच्या पाठीवर कुठे पडत नाही," असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, आणि कुणी आलंगेलं नाही तर बायकोला सांगायचा.

आदल्या रात्री रंगीत तालीम म्हणून त्याने सगळे दिवे, सगळे पंखे लावून पाहिले होते. दोन्ही खोल्या अंधारात होडीसारख्या तरंगत राहिल्या, आणि त्यांच्याकडे बघता बघता त्याला अंगणातच डुलकी लागली. सकाळी जाग आली तेव्हा बॅटरीने तळ गाठलेला. 'असू दे,' तो मनाशी म्हणाला, 'आभाळ लख्ख आहे. दादा येईपर्यंत काठोकाठ भरेल.'

पण दादा आले आणि मीटरचा काटा मुंडी खाली घालून बसलेला. सूर्यरावांनी काचेवर टिचकी मारली. काटा जरासा थरथरला, झोपेत कूस बदलल्यासारखा, आणि पुन्हा पडून राहिला.

बायको धुतलेल्या चादरींची पाटी कमरेवर घेऊन गोठ्यामागे निघाली होती. "अहो, आंघोळीचं पाणी सोडा त्यांना!" तिने जाता जाता सांगितलं.

"सोडतो, सोडतो. तू तुझं बघ."

न्हाणीत शिरण्याआधी दादांनी खोलीतलं एकूण एक बटण खाली करून पाहिलं. पंखा, दिवे, रेडिओ. परीक्षा म्हणजे परीक्षा. काहीही हललं नाही तेव्हा ते नुसतं "हं" म्हणाले. टाकीत उरलेल्या पाण्यावर आंघोळ सुरू झाली. दादांनी डोक्याला साबण लावला, आणि नळाने एक सुस्कारा सोडून डोळे मिटले.

"अरे ए! डोळ्यांत गेलाय! पाणी!"

"पंप जरा विश्रांती घेतोय, दादा!"

"त्याला म्हणावं नंतर घे! आधी मला बघ!"

सूर्यराव ओढ्याकडे धावला. दोन हातांत दोन भरल्या बादल्या घेऊन उंबऱ्यापर्यंत आला, आणि उंबऱ्याने पाय धरला. एक बादली दादांपर्यंत पोहोचली. दुसरी पलंगावर पालथी झाली: रजई, उशा, आणि उघड्या बॅगेतले दादांचे सगळे कपडे.

"द्या इकडे," बायको म्हणाली. तिला असल्या वेळी स्फुरण चढतं. "आत्ता वाळवून आणते." आणि सगळा बोजा उचलून ती पुन्हा गोठ्यामागे गेली. काटा होता त्याहून खाली गेला.

सूर्यरावांनी फ्रीज बंद केला. गोठ्यातला दिवा काढून घेतला. वहिनी केस वाळवायचं यंत्र हातात धरून सॉकेट शोधत होत्या, त्यांना तो आडवा गेला.

"वहिनी, पाया पडतो. ते नको."

"मग ओले केस घेऊन फिरू?"

"ऊन आहे ना! फुकटचं, इतकं छान! माणसाने उन्हात वाळवावं, वहिनी."

"तुमच्या बायकोलाही हेच शिकवलंत वाटतं," वहिनी म्हणाल्या. सूर्यराव तोवर फोनला रेंज मिळावी म्हणून दगडावर चढला होता. पलीकडे सोलरचा मिस्त्री होता.

"आभाळ कसंय?"

"घासून ठेवलेल्या ताटासारखं."

"पॅनेलवर सावली बिवली? पालापाचोळा?"

"त्या उतारावर सावली पडायला आभाळच खाली यावं लागेल. जागा मी निवडलीय."

"मग बॅटरी मेली, साहेब. नवी घ्या."

फोन खिशात गेला आणि त्याच्यासोबत कुरणही गेल्यासारखं वाटलं. नवी बॅटरी संध्याकाळपर्यंत कुठून उगवणार? सूर्यराव दगडावरून उतरला. गवत त्याच्या गुडघ्यांना हळूच घासत होतं, गुरं पोटाशी पाय घेऊन रवंथ करत होती. एकदा पॅनेलांचा निरोप तरी घ्यावा म्हणून तो गोठ्याला वळसा घालून गेला, आणि तिथेच थबकला.

उतार फुलला होता. पांढऱ्या चादरी, निळी रजई, उशांचे अभ्रे, दादांचा पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा. एकाही पॅनेलचं तोंड उघडं नव्हतं. सूर्य जणू पांघरूण ओढून निजला होता. मधोमध बायको शेवटचा अभ्रा हलक्या हाताने सारखा करत गुणगुणत होती:

"उन्हाच्या अंगणी गं, माझी वाळते चादर
सूर्या थांब घडीभर, ओला अजून पदर."

त्याला पाहून ती हरखली. "बघा तरी! दोरीवर दिवस जातो. इथे खालून गरम, वरून गरम. इस्त्रीसुद्धा आपोआप!"

"अगं, हे काय केलंस? ते विजेचं ऊन आहे!"

"म्हणजे? विजेचं वेगळं आणि माझ्या चादरींचं वेगळं? तुम्हीच सांगता ना, पृथ्वीच्या पाठीवर असं ऊन नाही म्हणून?"

वर्षभर तो हेच सांगत होता. इतक्या मनापासून ऐकणारं माणूस त्याला दुसरं भेटलंच नव्हतं. दोघांनी मिळून भराभरा सगळं ओढून काढलं. पॅनेलं निळ्या डोळ्यांनी आभाळाकडे बघू लागली. सूर्यराव धावत मीटरपाशी आला, आणि काटा, त्याचा लाडका काटा, आळोखेपिळोखे देत वर चढला.

मग दादांनी खाली करून ठेवलेल्या प्रत्येक बटणाला एकदम जाग आली. दिवे लागले. पंखा खडखडला. न्हाणीत नळ धो धो वाहू लागला आणि रेडिओने गळा काढला.

"बघितलंत, दादा!" सूर्यराव ओरडत खोलीकडे पळाला.

दारात वहिनी कंबर कसून उभ्या. "बंद करा ते!" त्या दात ओठ खात, पण कुजबुजत म्हणाल्या. "आधी बंद करा!"

"अहो, पण लागलंय सगळं! दाखवू द्या ना!"

"कुणाला दाखवताय? ते बघा."

ओसरीवर उघड्या बाकावर, पंचा गुंडाळलेल्या अवस्थेत, डोक्याला अर्धा साबण तसाच ठेवून दादा झोपले होते. वारा त्यांच्या छातीवरून ये-जा करत होता.

"पंखा नाही, रेडिओ नाही, फोन नाही," वहिनी कुजबुजल्या. "कपड्यांची वाट बघत टेकले आणि कलंडले. गोळी न घेता झोपलेला हा माणूस मी कित्येक वर्षांत पाहिला नाही हो."

दादांच्या कपाळावर आठी उमटू लागली होती. सूर्यराव पळत सुटला आणि आयुष्याच्या कमाईचं मुख्य बटण त्याने स्वतःच्या हाताने वर केलं. पंखा मंदावला. रेडिओ अर्ध्या सुरात विरला. कपाळावरची आठी पुसली गेली.

मग तिघं पायरीवर बसून राहिली. कुणी खोकलं तरी इतर दोघं डोळे वटारत. सावल्या उतारावरून लोळत खाली आल्या, गुरं आपापली घरी परतली, आणि काठोकाठ भरलेली बॅटरी गोठ्याशेजारी बिनकामाची बसून राहिली.

दिवेलागणीला दादा जागे झाले. बराच वेळ ते समोरच्या अंधुक होत चाललेल्या डोंगराकडे लहान मुलासारखे बघत बसले.

"कुरण विकायचं नाही," ते शेवटी म्हणाले. "ही खोली आमची. महिन्यातले आठ-पंधरा दिवस आम्ही इथेच."

"दादा, थांबा, नुसतं एकदा बघाच—" म्हणत सूर्यराव मीटरकडे धावला.

"ए!" दादा मागून कडाडले. "दिवा लावलास तर विकीन हं!"