शालिकरामबुवांचा गळा

शालिकरामबुवांचा गळा बसला ही बातमी गावभर झाली, तेव्हा त्यांचा गळा अगदी ठणठणीत होता. एका जागी बसवत नव्हतं ते बुवांना स्वतःला.

बुवा तिवसा तालुक्यातल्या एका आडगावचे. वय सदुसष्ट, चार एकर संत्र्याचा बगीचा आणि गावच्या खंजिरी भजनी मंडळात पुढच्या गायकाचं आसन. दर माघात तिवस्याला भजनांची स्पर्धा होते. प्रत्येक मंडळाला पाऊण तास मिळतो आणि तेवढ्या वेळात पुढच्या गायकाने आसन सोडलं की दहा गुण कटतात. गेल्या साली बत्तिसाव्या मिनिटाला, भजन ऐन रंगात आलेलं असताना, बुवा खंजिरीसकट उठले आणि मंडपामागे दिसेनासे झाले. परत आले तेव्हा मंडळ एकच ओळ अठराव्यांदा म्हणत होतं. चार गुणांनी फिरती ढाल सहाव्यांदा भातकुलीच्या जानरावांकडे गेली.

जानरावांची जलद लय साऱ्या जिल्ह्यात प्रसिद्ध. शेवटची भजनं ते अशी पळवायचे की टाळ धरणाऱ्यांचे खांदे भरून यायचे. ढाल घेताना ते माईकवरून म्हणाले, "भजनाले बसाचं तं बूड टेकून बसाव लागते, बाप्पा. आमी जागचे हालत नाई." मंडपाने टाळ्या वाजवल्या. बुवांना त्या टाळ्या वर्षभर ऐकू येत राहिल्या.

परतीच्या जीपमध्ये पेटी वाजवणाऱ्या मोतीरामने विचारलं, की बुवा उठले कशाला? खरं सांगायची बुवांना लाज वाटली. दोन वर्षांपासून त्यांना तासातासाला जावं लागे. गेल्यावर परतवाड्याच्या एसटीची वाट पाहावी तसं ताटकळत उभं राहावं लागे, आणि आली तरी ती प्रत्येक फाट्यावर थांबत येई. हे काय मंडळाला सांगायचं? "गळा बसला होता," बुवा म्हणाले. "गुळण्या कराले गेलो." आणि खोट्याला वजन यावं म्हणून त्यांनी शपथही घेऊन टाकली. "पुढच्या साली आसन मोडलं तं खंजिरी खुंटीले टांगून टाकीन. जिंदगीत पुन्हा हात लावणार नाई."

खंजिरी बुवांनी नवव्या वर्षी हातात घेतली होती. ती सुटली तर मागे काय उरतं, हे त्यांना माहीत होतं आणि मनकर्णाबाईंनाही. बाईंना खरा आजारही माहीत होता, कारण रात्री पाच वेळा दाराची कडी त्यांनाच ऐकू यायची. डॉक्टरला दाखवा म्हणून त्यांनी वर्षभर टुमणं लावलं. बुवांचं एकच उत्तर असे, की थंडीनं होते तसं. उन्हाळ्यातही ते हेच सांगत.

दिवाळी झाली, तालीम सुरू झाली आणि बुवा दर तालमीत तीनदा उठू लागले. कोणी पाहिलं की गळ्याला हात लावत. दुसऱ्याच्या दुखण्याला औषध सुचवणं हा मोतीरामचा जोडधंदा होता, आणि बुवांवर त्याचा जीवही होता. त्याने बुवांचा गळा अंगावर घेतला. ज्या गोळीने त्याची स्वतःची सर्दी एका दिवसात आटली होती, तिचं पाकीटच तो तिवस्याच्या स्टँडवरून घेऊन आला. सकाळ-संध्याकाळ एकेक गोळी, वर तीन तांबे कोमट पाणी. बुवांना नाही म्हणता येईना, कारण गळा बसला हे त्यांनीच सांगितलं होतं.

आता धरणात आवक वाढवायची आणि दरवाजे बंद करायचे, असा तो उपचार होता. बुवांचं ताटकळणं वाढलं. ते वाढलं तसं उठणं वाढलं, उठणं वाढलं तसा मोतीरामचा घोर वाढला आणि गोळ्या दोनाच्या तीन झाल्या.

विसाव्या दिवशी सकाळपासून टिपूस नाही. मनकर्णाबाई नेमक्या लेकीकडे, मोनालीकडे, अकोल्याला गेलेल्या. दुपारी तालमीला बुवांनी खंजिरी उचलली, तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. कपाळावर घाम आला होता, ओठांतून शब्द फुटत नव्हता. "आवाजच बंद झाला," मोतीराम म्हणाला. "आता गोळीचं काम नाई. अमरावतीलेच न्या."

मंडळाने बुवांना जीपमध्ये घातलं. बुवांनी कसाबसा मनकर्णाबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, मी बसनं तशीच अमरावतीले येतो, पण तुमी डॉक्टरले खरं सांगा. तिवस्यापासून अमरावतीपर्यंत गतिरोधक किती आहेत, हे बुवा आजही न चुकता सांगतात. अमरावतीत मोतीरामने जीप उभी केली ती थेट कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या दवाखान्यासमोर.

डॉक्टर बाई तरुण होत्या, प्रणाली नावाच्या. त्यांनी बॅटरी मारून घसा पाहिला, जीभ दाबून पाहिली आणि पुन्हा एकदा पाहिला. घसा तर उत्तम आहे, त्रास काय होतो, म्हणून त्यांनी विचारलं. बुवा उभेच होते, जरा वाकून.

"बसा ना."

"बसता येत नाई."

"घशामुळे?"

दारात सहा जणांचं मंडळ माना उंच करून उभं होतं. बुवांनी एकदा मंडळाकडे पाहिलं, एकदा छताकडे. एका बाजूला वर्षभर जपलेली अब्रू होती, दुसऱ्या बाजूला सकाळपासून तुंबलेलं धरण. धरण जिंकलं.

"बाई, गळ्याले काहीच नाई झालं," बुवा म्हणाले. "लघवी अटकली हाय. सकायपासून. सालभर समद्यायले खोटं सांगून राहिलो."

मोतीरामने खिशातून पाकीट काढलं. "मंग मी वीस दिवस ह्या गोया कायच्या देऊन राहिलो?"

डॉक्टर बाईंनी पाकीट वाचलं. ही गोळी नाक कोरडं करते, त्याबरोबर खालची वाटही आवळून धरते, असं त्यांनी समजावून सांगितलं. साठी उलटलेल्या माणसाची प्रोस्टेटची गाठ आधीच वाढलेली असेल, तर असं पूर्ण अडू शकतं. विचारल्याशिवाय ती कोणी घेऊ नये. मोतीराम भिंतीला टेकला. त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं होतं, आणि त्या वेळी बुवांना त्याचाही हेवा वाटला.

तिसऱ्या इमारतीत मूत्ररोगतज्ज्ञ होते, डॉक्टर विपुल. त्यांनी प्रश्न कमी विचारले आणि नळी आधी घातली. पाच मिनिटांत जग बदललं. पंख्याचा वारा लागू लागला, खिडकीतली धूळ सुंदर दिसू लागली. त्या घटकेला बुवांना भातकुलीचे जानरावही चांगले माणूस वाटले.

मनकर्णाबाई आल्या तेव्हा बुवा पलंगावर डोळे मिटून पडले होते. त्यांनी नळी पाहिली, पिशवी पाहिली, खाली मान घालून बसलेलं मंडळ पाहिलं.

"कसा हाय आता गळा?" त्यांनी विचारलं.

सोनोग्राफी झाली, रक्त तपासलं. वाईट काही निघालं नाही. फक्त गाठ मोठी होती. वीस ग्रॅमची असते ती सत्तर ग्रॅमची झालीय, असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा बागायतदार म्हणून बुवांना क्षणभर बरंच वाटलं. मग डॉक्टरांनी उपाय मांडले. एक गोळी वाट सैल करते, तिचा गुण काही दिवसांत दिसतो. दुसरी गाठ बारीक करते, पण तिला सहा महिने लागतात. तिसरा उपाय दुर्बिणीचा, बाहेरून चिरा न देता आतून गाठ खरवडून काढायची. तेच काम लेझरनेही होतं. आधी पहिली गोळी देऊन तीन दिवसांनी नळी काढू, वाट आपोआप मोकळी झाली तर ऑपरेशनची घाई नाही, असं त्यांचं मत पडलं.

तोवर मंडळाला कंठ फुटला होता. एकाने गोखरूचा काढा सुचवला, दुसऱ्याने कोहळ्याच्या बिया. एकाच्या साळ्याने म्हणे तापल्या विटेवर बसून गाठ जिरवली होती. मनकर्णाबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"गावाचं औषध आजपासून बंद," त्या म्हणाल्या. "आता जे हे डॉक्टर सांगतीन ते. अन् वीट ज्याले पायजे त्यानं सोताच्या घरी तापवावं."

तीन दिवसांनी नळी काढली. बुवांनी सहा तास वाट पाहिली, पण एसटी फाट्यावरच अडली. नळी परत घालावी लागली. डॉक्टर म्हणाले, आता दुर्बीणच बरी. बुवांच्या डोक्यात हिशेब एकच होता, स्पर्धेला दोन महिने होते. ऑपरेशनला त्यांची ना नव्हती. पुढचं मात्र विचारायला जीभ उचलत नव्हती. शेवटी त्यांनी विचारलं, की खंजिरी वाजवता येईल का?

डॉक्टरांनी दीड महिन्याची यादी सांगितली. ओझं नाही, मोटारसायकल नाही, जोर लावणं नाही. "खंजिरी केवढी असते?"

"पावशेर."

"वाजवा. पहिले काही आठवडे हळू."

ऑपरेशन सुरळीत झालं. चौथ्या दिवशी नळी निघाली आणि बुवा एकटे आत गेले. मनकर्णाबाई बाहेर बाकावर बसल्या होत्या. त्यांच्या शेजारी मोतीराम, आणि तो चार दिवसांत एकही औषध सुचवू शकला नव्हता. थोड्या वेळाने आतून आवाज आला. न थांबता, एका धारेत, बगीच्याला नवं पाणी सोडावं तसा. मनकर्णाबाईंनी हात जोडले. बुवा बाहेर आले ते वीस वर्षांनी लहान होऊन, आणि दवाखान्यातून निघेपर्यंत त्यांनी भेटेल त्याला ही गोष्ट स्वतःहून सांगितली. ज्या गोष्टीची त्यांनी वर्षभर लाज धरली, ती सांगताना आता त्यांचा आवाज दारापर्यंत जात होता.

माघ आला. यंदा आयोजकांनी एक नियम वाढवला होता. वेळेआधी भजन संपवलं तर मिनिटामागे एक गुण कमी. चिठ्ठ्यांत बुवांच्या मंडळाचा नंबर आधी निघाला, भातकुलीचा लगेच त्यामागे. बुवांच्या ऑपरेशनची बातमी भातकुलीला पोचलेली होतीच. बुवा मंचावर चढत असताना जानराव सगळ्यांदेखत म्हणाले, "बुवा, सांभायून बसजा. टाके उसवतीन." बुवांना टाके घातलेच नव्हते, पण त्यांनी वाद घातला नाही. ते आसनावर बसले.

पहिली दोन भजनं झाली. बायकांच्या बाजूला मनकर्णाबाई हातातल्या घड्याळाकडे पाहत होत्या. बत्तिसावं मिनिट आलं आणि सगळं मंडळ बुवांकडे पाहू लागलं. मोतीरामचं बोट पेटीवर चुकलं. बुवांनी डोळे मिटले, मांडी आणखी पक्की केली आणि आवाज असा वर नेला की बाहेर चहाच्या गाडीवरची माणसं आत आली. पाऊण तासाची घंटा झाली तरी बुवा उठेनात. परीक्षकांनी दुसऱ्यांदा घंटा वाजवली. ज्याला बसवत नाही म्हणून नाव पडलं होतं, त्याला उठवायला शेवटी मोतीरामला खांदा हलवावा लागला.

मग जानराव बसले. सुरुवात झोकात झाली. विसाव्या मिनिटापासून त्यांची लय वाढू लागली आणि मंडप खूश झाला. फक्त बुवा टाळ्या वाजवत नव्हते. ते जानरावांचा गुडघा पाहत होते. गुडघा तालात नव्हता, त्याचा स्वतःचा वेगळा ताल चालला होता. माघाच्या थंडीत कपाळावर घाम होता. ही लय बुवांच्या ओळखीची होती. पलीकडे मनकर्णाबाईंनी घड्याळावरची नजर काढून जानरावांवर ठेवली, मग नवऱ्याकडे पाहिलं आणि दोघांनाही एकदमच कळलं. जानरावांनी पाऊण तासाचं भजन तेहतीस मिनिटांत आटोपलं, आसन न मोडता नमस्कार केला आणि ते मंडपामागे गेले.

बारा गुण गेले. ढाल बुवांना मिळाली. जानरावांना माईकवरून द्यायचं उत्तर बुवांनी वर्षभर घासूनपुसून ठेवलं होतं. ते माईकपाशी गेले, समोर पाहिलं, तर जानरावांची खुर्ची अजून रिकामी होती. "समद्यायची किरपा," एवढंच म्हणून ते खाली उतरले आणि ढाल काखेत मारून मंडपामागे गेले.

जानराव लिंबाच्या झाडापाशी पाठमोरे उभे होते. बराच वेळ उभे होते. बुवा जरा लांब थांबले, कारण घाई केली की ती आणखी लांबते हे त्यांना ठाऊक होतं. शेवटी जानराव वळले आणि बुवांना पाहून चपापले.

"गळा बसला जरा," जानराव गळ्याला हात लावून म्हणाले. "गुळण्या कराले आलो होतो."

बुवा हसले नाहीत. "किती सालापासून?"

जानरावांनी बुवांच्या काखेतल्या ढालीकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "सहा," ते हळूच म्हणाले.

"सहा साल मी तुमच्या लयीचा हेवा केला, जानरावभाऊ," बुवा म्हणाले. "गुरुवारी मी तपासणीले अमरावतीले जाऊन राहिलो. दहा वाजता स्टँडवर या. गोळीनं भागते का दुर्बीण लागते, थे डॉक्टर सांगते. भेवाचं काम नाई."

जानरावांनी मान हलवली. त्यांचा ताठा गेला होता आणि चेहरा मोकळा झाला होता. तेवढ्यात मंडपाच्या कनातीआडून मोतीराम लगबगीने आला. त्याने नेमकं पहिलं वाक्यच ऐकलं होतं. त्याचा हात सवयीने खिशात गेला आणि एक पाकीट घेऊन बाहेर आला.

"गळा बसला म्हणते तुमचा, जानरावभाऊ?"

सहा वर्षांनी हाती आलेली ती ढाल बुवांनी काखेतून काढली आणि दोघांच्या मध्ये आडवी धरली.