बाज वळली पाहिजे

दर अमावस्येला सकाळी किसनमामा घरातली बाज गल्लीतून फिरवायला काढत. लोक नातवंडं फिरवतात, मामा बाज फिरवत. पुढची बाजू स्वतः धरायचे, मागची जो सापडेल त्याच्या हातात. एकदा शेजारी पहिल्या सणाला आलेला जावई सापडला. नवं धोतर, नवा फेटा आणि हातात बाज.

"मामा, डोक्यावर घ्या की," तो कळवळून म्हणाला.

"बाजंवर माणूस असल्यावर डोक्यावर घेता व्हय?"

बाजेवर कोणीच नसे.

निजामाच्या अमलातली हिंगोलीतली आमची ही गल्ली. शेजारणीनं फोडणी दिली की ठसका आपल्याला लागायचा. तरी प्रत्येकाला दारापुढे ओटा हवाच. वळणावरच्या मामांच्या घरालाच तेवढा नव्हता. दाराचा उंबरा जमिनीपासून कमरेइतका उंच, मामा फळी लावून आत चढत. बाज कुणाच्या ओट्याला घासली की "हे बराबर न्हाई" म्हणून मालक तो घासणारा चिरा काढेपर्यंत तिथून हलत नसत. वळणावर मात्र काहीतरी पुटपुटत. मी गल्लीत नवा, मला वाटायचं रामनाम असेल. जुनी माणसं यावर काही बोलत नसत.

मग मी मामांच्या समोरच ओटा बांधला. संध्याकाळी तिथं बसावं, येणाऱ्याजाणाऱ्यानं "नमस्कार मास्तर" म्हणावं, एवढीच हौस. अमावस्येला बाज नेमकी तिथं अडकली. मामा बाजेवरच बसले. मागं घागरी घेतलेल्या बायका खोळंबल्या.

"काहून अडकून राहिले, मामा?" एकीनं विचारलं.

"मास्तरला इचार."

"थोडी उचलून न्या ना," मी म्हणालो.

"उचलली की कलंडते."

"रिकामीच तर आहे! तुम्हाला कसली तकलीफ?" मी चिडलो.

मामांनी माझ्या ओट्यावरून हात फिरवला. "माझा बी वटा असाच व्हता, मास्तर. घडीव चिऱ्याचा. साथीत, आवसंच्या सकाळी, घरवालीला बाजंवर घालून दवाखान्यात न्याया निघालो, तर बाज माझ्याच वट्याला अडकली. मंग हिला उतरवून चालवली. गल्लीच्या तोंडापातुर बी पोचली न्हाई."

मला माझीच लाज वाटली. दुपारी कुदळ घेतली. मामा मदतीला आले आणि माझ्यापेक्षा जास्त उत्साहानं ओटा पाडू लागले.

पुढच्या अमावस्येला बाजेची मागची बाजू मी आपण होऊन धरली. वळण आलं. मामांनी मान मागं वळवली आणि रिकाम्या बाजेकडे बघून हळूच म्हणाले, "धरून ऱ्हाय गं, वळण हाय."

मी माझी बाजू जराही हलू दिली नाही.