धोंडूतात्यांची गाडी तापते

या जगात मी सर्वांत जास्त ऋणी कोणाचा असेन, तर तो धोंडूतात्यांचा. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यात वैतागच जास्त आहे, आणि वाचणाऱ्याला मी कृतघ्न वाटायला नको.

धोंडूतात्या गाडी चालवताना फोन घेत नाहीत. सवय चांगली आहे. अडचण एवढीच की तात्यांना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली आणि त्यांची गाडी आता माझ्या जुन्या लॅपटॉपमध्ये धावते.

पूर्वी तात्या लाल गाडीवर ड्रायव्हर होते. महाबळेश्वरला मुक्कामी असलेली गाडी सकाळी आंबेनळी घाट उतरून ते महाडला आणायचे. आमची वाडी घाटातल्या एका वळणाखाली. तिथे थांबा नव्हता, तो पार खाली होता. पण गाडी जुनी, आणि नेमकी आमच्या वळणावर तापायची. तात्या इंजिन बंद करून उतरायचे, पुढचं झाकण उघडायचे आणि आत बघत उभे राहायचे. कंडक्टर करवादायचा, माणसं घड्याळं बघायची. तेवढ्यात मी दप्तर सांभाळत पायवाटेने वर पोचायचो. मला उशीर झाला तरी झाकण उघडंच असायचं. मी आत चढलो की तात्या म्हणायचे, "झाली थंड. चला." त्यांनी वाट पाहिली म्हणून मी महाडच्या कॉलेजात पोचलो आणि आमच्या घरातला पहिला पदवीधर झालो.

पुढे महाडच्याच एका कारखान्यात मला संगणक विभागात नोकरी लागली. तात्या तोवर निवृत्त होऊन पोलादपुरात एकटे राहत होते. काकू गेलेल्या, मुलगे विरारला. तात्या दिवसभर ओटीवर बसून रस्त्यावरच्या गाड्यांचे गिअर ऐकत. "हा चुकीच्या गिअरला चाललाय," एवढंच अधूनमधून बोलत. मला राहवलं नाही. मी माझा जुना लॅपटॉप नेऊन दिला आणि त्यात बस चालवायचा एक गेम टाकून दिला. आजवर केलेलं हे माझं एकमेव मोठं पुण्यकर्म, आणि त्याचीच शिक्षा मी भोगतो आहे.

तात्या गेम खेळत नाहीत, ड्युटी करतात. खाकी सदरा घालून बसतात. पडद्याच्या कोपऱ्याला लिंबू-मिरची टांगलेली असते. गेममधला रस्ता कुठल्यातरी परदेशातल्या डोंगरातला आहे. तिथे बर्फ पडू लागला की तात्या डोळे बारीक करून म्हणतात, "प्रतापगडच्या फाट्याला धुकं उतरलंय."

हे सगळं मी कौतुकाने बघितलं असतं. पण आठवडाभरातच फोन आला.

"गाडी तापली रे. झटके खाते. येतोस ना?"

मी कामावरून सुटून मोटारसायकलने पोलादपूर गाठलं. लॅपटॉप जाड गोधडीवर विराजमान होता आणि त्याच्या पाठीवर ओलं फडकं घातलेलं होतं.

"तात्या, हे काय?"

"रेडिएटरला पाणी."

त्या पाण्याने दोन बटणं कायमची गेली. त्यातलं एक हॉर्नचं. तेव्हापासून वळण आलं की तात्या तोंडाने हॉर्न देतात.

मी त्यांना समजावलं. लॅपटॉप खालून हवा घेतो, गोधडीने ती वाट बंद होते. आतला प्रोसेसर फार तापला की जळू नये म्हणून आपला वेग आपणच कमी करतो. मग गेममधली बस सरळ चालत नाही, अडखळत चालते.

"म्हणजे फस्ट गिअरला येतो."

"तसंच समजा. पण गोधडी काढा."

"थंडीच्या दिवसांत खाली लादी किती गार लागते, ठाऊक हाय?"

"लॅपटॉपला गारच हवं असतं तात्या."

"असं तू म्हणतोस," तात्या म्हणाले, आणि मी उठायच्या आत चहाचा कप पुढे आला. मी गेलो की चहा नेहमी तयारच असायचा.

पुढच्या वेळी मी गेममधली चित्रं हलकी करून दिली, म्हणजे लॅपटॉपवर ताण कमी. घरी पोचतो न पोचतो तोच फोन. "झाडांच्या सावल्या कुठे गेल्या? बिनसावलीच्या रस्त्याने भुतं गाडी चालवतात." सावल्या परत आणायला मी पुन्हा पोलादपुरास गेलो. सावल्यांबरोबर तापणंही परत आलं.

एकदा तर माझ्या देखतच गेम अडकला. बस डोंगर उतरत होती. तात्या स्टिअरिंग सोडावं तसे हात वर करून माझ्यावर उखडले.

"चढाला तापली तर मी समजेन. उताराला कशी तापते? उताराला इंजिनाला काम काय? गाडी आपल्या वजनाने खाली येते. उताराला तापतात ते ब्रेक, आणि ब्रेक तापले तर माणूस चाकाशी जाऊन बघतो."

"तात्या, लॅपटॉपला चढ-उतार कळत नाही. डोंगर दाखवायला जेवढी मेहनत, तेवढीच दरी दाखवायला."

"मग अडाणी हाय तुझी गाडी," तात्या म्हणाले आणि चहा ठेवायला उठले.

अशातच माझी बदली पुण्याच्या कार्यालयात झाली. बढती होती, नाही म्हणणं शक्य नव्हतं. मला एकच काळजी लागली. मी गेल्यावर तात्यांची गाडी तापली तर पोलादपुरात कोण येणार? लॅपटॉप बंद पडला की तात्या पुन्हा ओटीवर बसून दुसऱ्यांचे गिअर ऐकणार. काहीही करून, मी नसतानाही तो चालला पाहिजे, असं मी ठरवलं.

एक रविवार त्यातच घातला. लॅपटॉप उघडला. पंख्यात गोधडीच्या कापसाची अख्खी वात निघाली. प्रोसेसरवरची सुकलेली पेस्ट खरवडून नवी लावली. खाली ठेवायला दोन पंख्यांचं कूलिंग पॅड आणलं होतं, ते जोडलं. गेम सुरू केला आणि काय सांगू, बस लोण्यातून सुरी फिरावी तशी निघाली. तात्या पूर्ण घाट न थांबता चढले आणि उतरले. हात लावला तर लॅपटॉप गार.

मी कौतुकाची वाट बघत होतो.

"बरी चालते," तात्या म्हणाले. मग थोड्या वेळाने, "मधे कुठे थांबतच नाय आता."

"तेच तर हवं होतं ना?"

तात्यांनी गेम बंद केला. त्या दिवशी चहाही मला मागून घ्यावा लागला.

पुण्याला निघायच्या आदल्या दिवशी सामान बांधत होतो, तर फोन वाजला.

"गाडी तापली रे."

मी संतापाने मोटारसायकल काढली. घरात शिरलो तर लॅपटॉप पुन्हा गोधडीवर. कूलिंग पॅडची वायर नीट गुंडाळून, रबर लावून, पॅड देवाच्या फळीवर ठेवलेलं. आणि गेम सुरूसुद्धा नव्हता. समोर दोन कप, वर बश्या झाकलेल्या.

"तात्या, मी एवढा जीव तोडून बसवलं आणि तुम्ही काढून ठेवलंत? उद्या मी नसणार आहे. कळतंय का तुम्हाला?"

"पंख्याचा आवाज होतो."

"मग होऊ दे."

"पॅसेंजर काय बोलतो ते ऐकू येत नाय."

"या गाडीत पॅसेंजर कुठून आला?"

तात्यांनी एका कपावरची बशी काढली आणि कप माझ्याकडे सरकवला. "घे. निवतोय."

मी तो चहा प्यायलो. पॅड फळीवरून काढून पुन्हा लावलं, आणि पुण्याला निघून आलो.

इथून मी त्यांना फोन लावतो. ते ड्युटीवर असतात, घेत नाहीत. त्यांचाही फोन आला नाही. म्हणजे पॅड चालू असावं. शेवटी मी पत्र पाठवलं. ते असं:

"तीर्थरूप तात्यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

तुम्ही फोन घेत नाही म्हणून लिहितो. पुण्याला येताना आंबेनळीवरून आलो. आमच्या वळणावर मोटारसायकल थांबवली. चढ होता, इंजिन चांगलंच तापलं होतं. तेव्हा एक गोष्ट लक्षात आली, ती फार पूर्वीच लक्षात यायला हवी होती.

सकाळची तुमची गाडी महाबळेश्वरहून खाली यायची. उताराला इंजिन तापत नाही, हे तुम्हीच मला सांगितलंत. ब्रेक तापले म्हणावं, तर तुम्ही चाकाशी कधी गेलाच नाहीत.

पॅड लावून ठेवा. पुढच्या रविवारी येतो. गाडी तापलेली नसली तरी थांबवा, मला चढायचं आहे."