सहावं प्रकरण : संघर्ष व्यवस्थापन

व्यवसाय व्यवस्थापनाच्या शेवटच्या सत्रात प्रकल्प-अहवालावर मार्गदर्शकाची सही लागते. सही नाही तर तोंडी परीक्षा नाही, आणि तोंडी परीक्षा नाही तर पदवी नाही. दिव्यानीच्या वर्गातल्या बहुतेकांनी झेरॉक्सच्या दुकानातून पुण्याच्या कुठल्याशा मोटार कारखान्याचा अहवाल आणला, वरचं नाव बदललं आणि सही घेऊन मोकळे झाले. दिव्यानीला मात्र प्रामाणिकपणाची खोड. तिने नागभीडजवळच्या आपल्या गावातल्या तलावावरच्या मासेमारीचा अभ्यास केला.

तिथे अभ्यास करण्यासारखं फारसं नव्हतंच. वीस घरं मिळून जाळं ओढत. म्हातारे लटारूभाऊ तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, माशांचे वीस ढीग लावत. गावातलाच डोमा ढिगांकडे पाठ करून उभा राही. लटारूभाऊ एका ढिगावर बोट ठेवून विचारत, "हा कोनाचा?" डोमा न बघता एका घराचं नाव घेई. अर्ध्या तासात पाळ रिकामी.

तिचे मार्गदर्शक सुरेंद्र सरांनी अहवाल चाळला आणि चष्मा काढला.

"सहावं प्रकरण, संघर्ष व्यवस्थापन. इथे एकच ओळ आहे, 'भांडणं होत नाहीत.' विद्यापीठाच्या नमुन्यात किमान दहा पानं सांगितली आहेत."

"सर, खरंच होत नाहीत."

"मग ती संस्था नाही, नुसती माणसं आहेत. पदं निर्माण करा. बाकीचं आपोआप होतं."

सरांना कॉलेजातला तीस वर्षांचा अनुभव होता.

गावाला पोरीचं भारी कौतुक. तिला सरांची सही मिळावी म्हणून सगळे तयार झाले. लटारूभाऊ 'मुख्य ढीग अधिकारी' झाले आणि डोमा 'संचालक, पाठ विभाग'. दोघांच्या नावाच्या पाट्या दिव्यानीने स्वतः रंगवल्या.

दुसऱ्या दिवशी जाळं निघालं, ढीग लागले, पण डोमा वळेना.

"मी संचालक आहो. मले पाठमोरं उभं काऊन करता? संचालकाले खुर्ची पाह्यजे."

खुर्ची आली. तिचं तोंड कुठे करायचं यावर बैठक बसली. लटारूभाऊ म्हणाले, "पहिले हे सांगा, मुख्य मोठा का संचालक मोठा?" यावर दुसरी बैठक बसली. ऊन चढलं. तिसऱ्या बैठकीपर्यंत गावातली कुत्रीही नाक मुरडून निघून गेली.

दिव्यानीची आई कुंता सडलेल्या ढिगांकडे बघत राहिली. "तू पास होशीन बाई, पन आज रांधू काय?"

दिव्यानीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण सहावं प्रकरण चाळीस पानांचं झालं होतं. सरांनी सही केली, तिला विशेष प्रावीण्यही मिळालं.

पुढल्या वर्षी तलावावरची भांडणं मिटवायला तज्ज्ञांची समिती आली. तिने तीन दिवसांचं शिबिर घेऊन अभिनव पद्धत शिकवली: एकाने ढीग लावावेत, दुसऱ्याने पाठ करून नाव घ्यावं. डोमाला पाठ करण्याचं प्रमाणपत्र मिळालं. आता तो प्रशिक्षित असल्यामुळे लेखी पत्राशिवाय वळत नाही.

दिव्यानी हल्ली चंद्रपुरात एका कचेरीत नोकरीला आहे. ही हकीगत ऐकून लोक पोट धरधरून हसतात. त्यांचं हसून झालं की ती विचारते, "परवा तुमच्या कचेरीत बैठक झाली, तेव्हा सगळे खुर्चीवरच होते ना? मग जाळं कोन ओढत होतं?"